गावाच्या तोंडावरची काटी

(तालुक्याच्या वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. वाचनालयवाल्यांनी पत्रिकेवर माझ्या नावाखाली ‘शेतकरी व अभ्यासक’ असं छापलं आहे. त्यातलं पहिलं खरं आहे. दुसऱ्याबद्दल माझ्या घरी विचारावं लागेल.

लॉकडाऊनवर आतापर्यंत पुष्कळ बोलून झालं, लिहून झालं. पण ते बहुतेक शहरातल्या माणसांचं. फ्लॅटमध्ये कोंडल्यासारखं झालं, मग गॅलरीतून चिमण्या दिसल्या, हवा स्वच्छ झाली, घरच्यांसोबत वेळ मिळाला. माझी हरकत नाही, ज्याच्यावर जे गुदरलं ते त्यानं सांगावं. आमच्याकडे चिमण्या आधीही होत्या, आणि कोंडून घ्यायला जागा नव्हती. दोन खोल्यांचं घर, त्यातल्या एकीत कापूस भरलेला. गहू कापणीला आलेला, हरभऱ्याचे ढीग वावरात. गाईचं दूध काढावंच लागतं, बैलाला पाणी दाखवावंच लागतं. माणसं पहाटे वावरात जात होती, दुपारी परत येत होती, संध्याकाळी ओट्यावर बसत होती. तोंडाला दुपट्टा आला, एवढाच काय तो फरक.

मग गावात बंद काय होतं? गावात बंद होता तो रस्ता. आणि तो सरकारनं बंद केला नव्हता, आपण केला होता. रस्त्यावर आडव्या टाकलेल्या बाभळीच्या काटेरी फांद्यांनी, म्हणजे काटीनं. मी आज त्या काटीवर बोलणार आहे. सरकारनं काय केलं, काय नाही केलं, यावर बोलायला माणसं भरपूर आहेत.

तारखा थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. २२ मार्च २०२० च्या रविवारी जनता कर्फ्यू झाला. संध्याकाळी पाच वाजता थाळ्या वाजल्या. २३ तारखेला राज्यानं संचारबंदी लावली, जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या. २४ तारखेला रात्री आठ वाजता पंतप्रधान टीव्हीवर आले आणि बारापासून अख्खा देश बंद झाला. दुसऱ्या दिवशी, २५ मार्चला, गुढीपाडवा होता.

हा पाडवा शहरातल्या माणसाच्या लक्षात राहिला तो गुढी साधी उभारली, श्रीखंड मिळालं नाही म्हणून. आपल्या भागात पाडव्याला काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, साल संपतं. जुन्या मालकाचा हिशेब होतो, नवा मालक ठरतो. सालाचे पैसे किती, वर ज्वारी-गहू किती, उचल किती घेतली, खाडे किती झाले, हे सगळं त्या एका दिवशी सुटतं आणि बांधलं जातं. शेकडो गड्यांची घरं त्या आठवड्यात एका गावातून दुसऱ्या गावात जातात. बैलबंडीत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत खाट, भांडी, कोंबड्या, वर पोरं बसलेली. नेमक्या त्याच दिवशी देश बंद झाला.

आमच्या गावात एक गडी होता. त्याचं साल आमच्या गावातल्या मालकाकडे संपलं होतं आणि नवं साल ठरलं होतं वर्धा नदीच्या पलीकडे, राळेगाव तालुक्यात. नदीच्या अलीकडे वर्धा जिल्हा, पलीकडे यवतमाळ. सीमा बंद. जुन्या मालकानं खोली रिकामी करून मागितली, कारण त्याचा नवा गडी यायचा होता, तोही कुठंतरी अडकलेला. नव्या मालकाचा रोज फोन, की उचल घेतली तर ये. हा माणूस त्या दिवसांत कोणाचाच नव्हता. शेवटी एका रात्री बायको-पोरांना घेऊन नदीच्या पात्रातून पलीकडे गेला. पलीकडच्या गावानं त्याला शाळेत ठेवलं, चौदा दिवस. आणि नव्या मालकानं ते चौदा दिवस खाडे धरले.

साथरोगाचा कायदा १८९७ चा. मुंबईत प्लेग आला तेव्हा इंग्रजांनी केलेला, तोच २०२० मध्ये कामाला आला. त्या कायद्यात सालदाराचा खाडा कसा धरायचा ते लिहिलेलं नाही.

आता काटीकडे येतो. आमचं गाव हिंगणघाट तालुक्यात, हैदराबाद-नागपूरच्या मोठ्या रस्त्यापासून थोडं आत. पाडव्याच्या दोन-तीन दिवसांत गावातल्या पोरांनी फाट्याकडून येणाऱ्या रस्त्यावर बाभळीच्या काट्या आणून टाकल्या. मागे एक जुनी बंडी आडवी लावली. बंडीवर पाटी, ‘गावात प्रवेश बंद, आदेशावरून’. कोणाच्या आदेशावरून ते लिहिलं नव्हतं. दोन-दोन माणसांच्या पाळ्या लागल्या, रात्रीच्याही. माझीही पाळी असायची. बॅटरी, काठी आणि एक थर्मास.

ही काटी वेडेपणाची होती असं मी म्हणणार नाही. तेव्हा वर्धा जिल्ह्यात एकही रुग्ण नव्हता, मे महिना उजाडेपर्यंत नव्हता. पण नागपुरात ११ मार्चलाच निघाला होता, यवतमाळातही निघाले होते. आमच्या गावातून प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं तर गाडी लागते, आणि तिथं ताप मोजून गोळ्या मिळतात. व्हेंटिलेटर म्हणजे सेवाग्राम, सावंगी नाही तर नागपूर. ज्या गावाला माहीत आहे की आजार आत आला तर आपल्याकडे काहीच नाही, ते गाव दार लावणारच. भीती खरी होती. मला बोलायचं आहे ते काटी कुठं टाकली त्याबद्दल.

गावाच्या तोंडाशी, रस्त्याच्या उजव्या अंगाला पारध्यांचा बेडा, म्हणजे वस्ती, आहे. थोडीशीच घरं, टिनाची, काही पाल्याची. काटी पडली ती बेड्याच्या अलीकडे. म्हणजे गाव आत आणि बेडा बाहेर. हातपंप आत. किराणा आत. राशनचं दुकानही आतच.

मी पोरांना विचारलं, काटी पलीकडे शंभर पावलं का नाही टाकली? एक जण म्हणाला, “तिथंच बाभळी होत्या ना जी.” उत्तर खरं होतं. बाभळी तिथंच होत्या. काटी ओढायचा कंटाळा. कोणी बसून ठरवलं नव्हतं की बेडा बाहेर ठेवू, आणि म्हणूनच मला ते जास्त लागलं. मुद्दाम केलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

बेड्यातल्या बायका पाण्याला आल्या की काटीवरचे पोरगे म्हणत, थांबा, विचारून सांगतो. कोणाला विचारणार होते कोण जाणे. मग ठरलं की सकाळी एक तास पाणी. म्हणजे ज्या बाया वर्षानुवर्षं त्या पंपावर पाणी भरत होत्या, त्यांना आपल्याच गावात पाण्याची वेळ लावून मिळाली. मतदार यादीत त्यांची नावं गावातच आहेत. त्या वर्षी सरकारनं माणशी पाच किलो तांदूळ फुकट दिला, एप्रिलपासून. पण तो कार्डावर. बेड्यातल्या ज्या घरांना कार्ड नव्हतं त्यांना तो कसा मिळणार? ज्यांच्याकडे कार्ड होतं तेही काटीपाशी उभे राहत, आणि आतून कोणीतरी चुंगडी आणून पलीकडे ठेवून द्यायचं.

तशीच काठेवाड्यांची गोष्ट. गुजरातेतून, कच्छकडून येणारी ही माणसं, उंट आणि हजार-हजार मेंढ्या घेऊन आपल्या भागात वर्षानुवर्षं फिरतात. पीक निघालं की आपणच त्यांना बोलावतो, वावरात मेंढ्या बसवून घेतो, खत मिळतं म्हणून. रात्रीचे पैसे देतो, धान्य देतो. त्या वर्षी एक तांडा वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, येऊन थांबला तर गावातून माणसं काठ्या घेऊन गेली. “निंघा इथून.” ते म्हणाले, कुठं जाऊ? पुढच्या गावातही काटी, मागच्या गावातही काटी. मेंढ्यांना तर चारा पाहिजे. शेवटी एका शेतकऱ्यानं, ज्याच्या वावराला गावापासून लांब विहीर आहे, त्यानं त्यांना बसू दिलं. गावानं त्याच्याशी आठ दिवस बोलणं सोडलं. पावसाळ्यात त्याची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, सगळ्यांपेक्षा चांगली आली, तेव्हा पुन्हा बोलायला लागले.

आता रस्त्याचं. हा जो मोठा रस्ता आहे, राष्ट्रीय महामार्ग ४४, तो एप्रिल-मे महिन्यात काय होता ते तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं आहे. तेलंगणातून मिरची तोडायला गेलेली माणसं, हैदराबादेतले गवंडी, मिस्त्री, फरशीवाले. भंडारा-गोंदियाचे, छत्तीसगडचे, मध्य प्रदेशचे, उत्तर प्रदेशचे. पायी. डोक्यावर गाठोडं, हातात प्लास्टिकची कॅन. ८ मेच्या पहाटे औरंगाबादजवळ करमाडला रुळावर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले, ते मध्य प्रदेशात घरी निघाले होते. त्यानंतर आमच्या रस्त्यावरच्या माणसांना लोक सांगू लागले, रुळानं जाऊ नका. त्यांना तेही सांगावं लागलं.

आमच्या गावानं त्या रस्त्यावर जेवण दिलं. हे अभिमानानं सांगतो, खरंच दिलं. फाट्यावर चूल मांडली, पोळ्या, वरण-भात, कधी आलूची भाजी. घराघरातून पीठ आलं. बचत गटाच्या बाया पहाटे चारला उठून पोळ्या लाटत होत्या. पण फाट्यावर पत्रावळ वाढणारा माणूस संध्याकाळी येऊन काटीवर बसायचा. ज्याला दुपारी पोटभर जेवू घातलं, त्याला रात्री गावाच्या मंदिरात झोपू द्यायचं नाही. हे दोन्ही एकच माणूस करत होता आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मी त्याला ढोंगी म्हणणार नाही. दया त्याच्याकडे होती, पण ती फाट्यापर्यंत जायची, गावात येत नव्हती.

हे झालं परक्यांचं. आपल्यांचं काय झालं ते आता ऐका.

एप्रिलच्या शेवटी पुण्याकडून पोरं यायला लागली. चाकण, रांजणगाव, कुठं कुठं कंपनीत कामाला असलेली. कोणी पास काढून, कोणी मोटारसायकलनं रात्री-अपरात्री, कोणी ट्रकमध्ये भाजीच्या कॅरेटमागे बसून. या पोरांच्या मनीऑर्डरवर, म्हणजे आता फोन-पेवर, गावातल्या किती घरांवर स्लॅब पडला ते तुम्ही कोणत्याही गावात जाऊन पाहा. दिवाळीला आली की सगळं गाव त्यांच्याभोवती. त्या एप्रिलात त्यांना काटीवर थांबवलं. बाप काटीच्या आत, लेक काटीच्या बाहेर. ठरलं की चौदा दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेत राहायचं.

शाळा मार्चच्या मध्यापासून बंद होती. फळ्यावर तारीख तशीच होती, खाली पट आणि हजर. चार पोरं त्या वर्गात राहिली. त्यातल्या एकानं रोज सकाळी फळ्यावर तारीख बदलायची आणि लिहायचं, ‘पट ४, हजर ४’. मला हसू आलं होतं. आई डबा आणायची, व्हरांड्याच्या पायरीवर ठेवायची आणि मागं सरायची. लेक पुढं येऊन उचलायचा. “माय, जरा थांब ना, बोल तरी.” तिच्या मागे गेटपाशी दोन माणसं बघत उभी असायची, म्हणून ती थांबायची नाही.

एका रात्री त्यातल्या एकाला विंचू चावला. मे महिन्याची उकाड्याची रात्र, जमिनीवर झोपलेला. ओरडला. शाळेला लागून सहा-सात घरं आहेत. घराघरात लाईट लागले. खिडक्या उघडल्या. खाली कोणी उतरलं नाही. बाकीचे तिघं गेटपाशी येऊन हाका मारत होते, गाडी द्या, गाडी द्या. गेटला बाहेरून कुलूप. किल्ली पोलीस पाटलाकडे. कोणीतरी फोन केला असेल, नाही असं नाही. फोन करायला सगळेच तयार असतात.

कोतवाल आला. आमचा कोतवाल म्हणजे पन्नाशीचा माणूस, दवंडीपासून तहसीलच्या नोटिशीपर्यंत सगळं त्याच्या पायावर. त्यानं पोलीस पाटलाला उठवलं, किल्ली आणली, त्या पोराला स्वतःच्या मोटारसायकलवर मागे बसवलं, त्याच्याच कमरेला दुपट्टा बांधून स्वतःच्या पोटाला आवळला, आणि आरोग्य केंद्रात नेलं. पोरगा वाचला. सकाळी गावातली चार शहाणी माणसं कोतवालाच्या घरी गेली आणि म्हणाली, तू आता त्याच्यासोबत चिकटून बसून गेला, तर तूही चौदा दिवस शाळेत राह्य. कोतवाल म्हणाला, “राह्यतो. पन काटीचा कागद तहसीलात कोन नेऊन देईन ते सांगा.” मग त्याला कोणी शाळेत ठेवलं नाही.

मी या प्रसंगावर इतका वेळ घेतो आहे, कारण गावाबद्दल आपल्याकडे एक गोड समजूत आहे, की शहरात शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही आणि गाव म्हणजे एक कुटुंब. कुटुंब आहेच. पण कुटुंबातला माणूस बाहेर काम करून, बाहेरचा वारा लागून परत आला तर त्याला कुटुंब किती दिवस बाहेरचं समजतं, ते त्या वर्षी समजलं. त्यातली दोन पोरं जूननंतर परत गेली, आणि आता दिवाळीला येत नाहीत. कारण विचारलं तर सुट्टी नाही म्हणतात.

कापसाचं बोलल्याशिवाय आपल्या भागात कुठलीच गोष्ट पुरी होत नाही. लॉकडाऊन लागला तेव्हा सरकारी खरेदी थांबली. खासगीही थांबली. त्या वर्षी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ५,५५० रुपये होता. खेड्यात चोरून येणारा व्यापारी चार-साडेचार हजारांनी मागत होता. ज्याला खरिपाच्या बियाण्याला पैसे पाहिजे होते त्यानं दिला, ज्याच्यानं जमलं त्यानं ठेवला. नंतर खरेदी सुरू झाली, पण ऑनलाइन नोंदणी, मग टोकन, मग मेसेज, आणि दिवसाला मोजक्याच गाड्या. जून-जुलैपर्यंत, पावसात, ताडपत्र्या टाकून लोक रांगेत होते. माझीही गाडी एका केंद्रावर दोन रात्री उभी होती. तिसऱ्या दिवशी ग्रेडर, म्हणजे कापसाची प्रत ठरवणारा, म्हणाला, ओला आहे.

पण कापूस घरात असणं म्हणजे काय, हे ज्याच्या घरात कापूस नाही त्याला कळत नाही. मे महिन्यात साठवलेल्या कापसात कीडे होतात, बारीक, डोळ्याला दिसतील न दिसतील असे. रात्री अंगावर येतात. पोटावर, मानेवर, काखेत लाल चट्टे उठतात, खाजवून खाजवून रक्त येतं. घराघरातली पोरं अंगाला खोबरेल तेल नाही तर कापराचं तेल लावून अंगणात झोपत होती. सरकार म्हणत होतं घरात राहा. घरात कापूस राहत होता, माणसं बाहेर. आशाताई गावात सर्व्हेला आली की ‘ताप, खोकला, दम’ विचारायची. खाज तिच्या फॉर्मात नव्हती.

आशाताईंचं दोन शब्दांत सांगतो, खरं तर त्यांच्यावर वेगळं व्याख्यान ठेवा आणि मला नाही, त्यांना बोलवा. सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ सुरू झालं, तेव्हा आमची आशा गळ्यात ऑक्सिमीटर आणि हातात तापाची बंदूक घेऊन घरोघर जायची. कोविडच्या कामाचे महिन्याला हजार रुपये केंद्राकडून. लोक तिला म्हणायचे, “तू दहा घरी हिंडून येतं, आमच्या दारात नको येऊ बाई.” ती याच गावची सून. तिच्या हातून याच दारातल्या बाया बाळंतपणाला गेल्या होत्या. जून २०२१ मध्ये राज्यातल्या आशांनी संप केला, तेव्हा गावातले काही जण म्हणाले, यांना काय कमी आहे?

बाकीच्या गोष्टी पटापट सांगतो. शाळा मोबाईलवर आली, मोबाईल मात्र तीन भावंडांत एक, आणि तो बापासोबत वावरात. थाळ्या मार्चात वाजल्या होत्या त्याच मे महिन्याच्या शेवटी पुन्हा वाजल्या. वर आष्टी, मोर्शी, वरूड, काटोलकडे टोळधाड आली, आणि संत्र्याच्या बागेतून ती उठवायला लोकांनी थाळ्या, डबे, ढोल काढले. या वेळी निदान टोळ उडाले तरी. लग्नं अंगणात पन्नास माणसांत झाली, तेरव्या घरच्या घरी झाल्या, आणि सगळे म्हणाले की आता हेच चालू ठेवायचं, कर्ज वाचलं. दोन वर्षांत डीजे परत आला, आता आधीपेक्षा मोठा. खर्ऱ्याचा, म्हणजे पन्नीत घासलेल्या सुपारी-तंबाखूचा, भाव दुप्पट-तिप्पट झाला. पानठेले बंद, पण पन्नी घासायचा आवाज कोणत्या घरातून येतो ते सगळ्यांना माहीत. आणि दारूची गोष्ट तर मजेची. मे महिन्यात राज्यात दारूची दुकानं उघडली म्हणून केवढी चर्चा झाली! आमचा जिल्हा दारूबंदीचा. इथं उघडायला काही बंदच नव्हतं.

पोळा आला, बैल घरच्या घरी पुजले. दुसऱ्या दिवशी पोरांनी पळसाच्या फांद्या घेऊन शिवेपर्यंत धाव घेतली, नेहमीसारखी आरोळी मारत, ईडा पीडा, खासी खोकला घेऊन जा गे मारबत! मारबत म्हणजे गावातली पीडा शिवेबाहेर घालवायची रीत. त्यात त्या वर्षी कोरोना घातला होता. नागपूरची मारबत त्या वर्षी निघाली नाही, खेड्यातली निघाली. शिवेवर नेऊन टाकायची, म्हणजे पुढच्या गावाच्या हद्दीत. पुढच्या गावची पोरंही आपली मारबत आमच्या शिवेवर टाकून जातात. हे मी फार वर्षं पाहतो आहे.

आणि आता त्या काटीचं पुढं काय झालं ते. काटी जूनमध्ये निघाली. पेरणीला ट्रॅक्टर यायचे होते, बियाणं यायचं होतं, निंदणाला शेजारच्या गावातल्या बाया लागतात. आजार जूनमध्ये कमी झाला होता का? वाढला होता. पण काटी निघाली, कारण आता काटी ठेवली तर आपलंच काम अडत होतं. १५ जानेवारी २०२१ ला ग्रामपंचायतीची निवडणूक झाली. काटीवर पाळ्या लावणारा पोरगा निवडून आला, चांगल्या मतांनी. बेड्यातूनही त्याला मतं पडली, असं तो स्वतः सांगतो.

फेब्रुवारीत अमरावती पुन्हा बंद झाली. एप्रिलात दुसरी लाट खेड्यात शिरली. त्या वेळी आजार खरोखर गावात होता, घराघरात ताप होता. लोक म्हणत, टायफाईड आहे. गावचा डॉक्टर म्हणवणारा माणूस कडुनिंबाखाली खाटेवर झोपवून सलाईन लावायचा, बाटली फांदीला टांगलेली. तपासणीला कोणी जाईना, “टेस केली का पाझिटिव काढतेत.” लस घ्यायलाही नको म्हणत होते. आमच्या गावातली मोठ्या घरची माणसं गेली, काहींचे देह गावात आलेच नाहीत. आणि या सगळ्या दिवसांत रस्त्यावर काटी नव्हती.

पहिल्या वर्षी जिल्ह्यात रुग्ण नव्हता तेव्हा काटी होती. दुसऱ्या वर्षी माणसं मरत होती तेव्हा रस्ता मोकळा होता. असं का, यावर मी बराच विचार केला. एक कारण तर हे की माणूस भीतीलाही कंटाळतो. पण मोठं कारण मला वेगळं दिसतं. पहिल्या वर्षी आजार परक्यांकडून येणार होता, पायी चालणाऱ्यांकडून, पारध्यांकडून, काठेवाड्यांकडून, पुण्याच्या पोरांकडून. त्यांच्यासाठी काटी टाकता येते. दुसऱ्या वर्षी तो लग्नाच्या पंगतीतून, प्रचाराच्या गाडीतून, मोठ्या वाड्यातून आला. वाड्याच्या दारासमोर बाभळीची काटी कोण टाकणार?

आमच्या आजीच्या तोंडी मानमोडीचं नाव यायचं. १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा त्या साथीचा सगळ्यात जास्त मार बसलेल्या मुलखांपैकी होता. प्लेगच्या दिवसांत तर उंदीर पडला की अख्खं गाव उठायचं आणि वावरात खोपट्या घालून राहायचं, पाटील, कुणबी, महार, तेली, सगळे. खोपट्या जातवार वेगळ्या असायच्या, त्यात मी काही सोनं पाहत नाही. पण निदान त्या वेळी पाटलालाही गाव सोडावं लागत होतं.

मी थांबणार होतो, पण मागून एका तरुण मित्रानं विचारलं आहे की पुन्हा अशी साथ आली तर काय करायचं. मोठं उत्तर माझ्याकडे नाही, लहान आहे. गावातल्या समाजमंदिराला किंवा शाळेला दोन खोल्या, संडास, नळ आणि खाटा हे आधीपासून तयार पाहिजे. बाहेरून येणारा तिथं राहील, त्याचा डबा कोण नेणार, रात्री काही झालं तर गाडी कोणाची, हे नावानिशी ठरलेलं पाहिजे. गेटची किल्ली आतल्या माणसाकडे. आणि रस्ता अडवायचाच असेल तर तो बेड्याच्या पलीकडे अडवायचा, पंप आणि राशन दोन्ही आत येतील असा. एवढं एका पानाच्या ठरावात बसतं.

हा विषय मी मागच्या ग्रामसभेत दिला होता. गणपूर्तीला मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर माणसं, जे कमी असेल ते, एवढे लागतात. तेवढे आले नाहीत. सभा तहकूब झाली. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, म्हणून मी पुढच्या वेळी ठराव पुन्हा मांडतो आहे. शाळेत राहिलेल्या त्या चौघांपैकी गावात असलेल्या दोघांना मी अनुमोदक म्हणून सही मागितली. एकानं दिली. दुसरा म्हणाला, आधी किल्लीचं वाचून दाखवा.